पेन्सिलीनं बुजवलेलं गोंदण

माझी शाळा तिसरीपर्यंत. त्यापुढं जे काही शिकलो ते पांढुर्ण्याच्या एका फोटोच्या दुकानात, उस्तादाच्या शिव्या खाऊन शिकलो. ते कोणत्याच कॉलेजात शिकवत नाहीत. हे मी घमेंडीनं लिहून राहिलो, मला समजतं. घमेंड होतीच. जी गोष्ट सांगायची आहे ती त्या घमेंडीचीच आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

सौसरला बाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान होतं. कॅमेरा सागवानी, तीन पायांवर उभा, मधे चामड्याच्या घड्यांचा भाता आणि मागं दुधी काच. काळं कापड डोक्यावर घेऊन त्या काचेत पाहिलं की समोरचा माणूस उलटा दिसायचा, डोकं खाली आणि पाय वर. पाहणारे हसायचे. मी हसत नव्हतो. मान कुठं आखडली, खांदा कोणता पडला, हे उलटं पाहिल्यावरच नीट कळतं. एका वेळी एकच फिल्म, पोस्टकार्डापेक्षा मोठी, अंधारात लाकडी चौकटीत भरलेली. रोलवाले छत्तीस फोटो काढत आणि त्यातला एखादा बरा निघायचा. माझा एकच असायचा, आणि तो निघायलाच पाहिजे.

ऐंशीच्या पुढची ती वर्षं. नागपूरला रंगीत फोटो निघू लागले होते. पण आमच्याकडं भिंतीवर लावायचा फोटो म्हणजे काळा-पांढराच, आणि तो माझ्याच दुकानातला. जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनाला निघालेले लोकसुद्धा वाटेत उतरून माझ्यासमोर बसून जायचे. तरी माझं नाव कॅमेऱ्यामुळं नव्हतं. पेन्सिलीमुळं होतं.

निगेटिव्हमधे सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा डाग, तीळ, सुरकुती ही तिथं पारदर्शक दिसते, खिडकीच्या काचेसारखी. त्या जागी शिसपेन्सिलीनं बारीक बारीक ठिपके भरले की छापल्यावर डाग दिसतच नाही. पेन्सिल सुईसारखी लांब तासायची, घासकागदावर फिरवून टोक काढायचं. निगेटिव्हवर आधी राळेचं पातळ औषध चोळायचं, म्हणजे शिसं धरतं. मग खिडकीजवळ तिरप्या चौकटीवर निगेटिव्ह ठेवून, खालून आरशाचा उजेड घेऊन बसायचं. दोन-दोन दुपारी जायच्या एका चेहऱ्यात. हात हलला तर छापल्यावर गालावर मुंगी चालल्यासारखं दिसतं. माझा हात कधी हलला नाही.

आणखी एक गोष्ट इथंच सांगतो. ब्लेडनं निगेटिव्ह खरवडली तर ती गेली, परत येत नाही. पेन्सिलीचं तसं नाही. कापसाचा बोळा तारपिनात बुडवून फिरवला की सगळं शिसं निघून जातं आणि खाली निगेटिव्ह होती तशीच सापडते. पाच-दहा मिनिटांचं काम. हे मला उस्तादानं पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

लग्नाच्या पोरींना घेऊन आया यायच्या. गालावरचा देवीचा वण काढा, डोळ्याखालचं काळं काढा, आणि पुष्कळदा, हे गोंदण तेवढं काढा. नवरा मुलगा शहरात नोकरीला, त्याला गोंदणाची पोरगी गावंढळ वाटेल म्हणून. मी काढून द्यायचो. पोरगी स्वतःचा फोटो पाहून लाजायची आणि मी मनात म्हणायचो, पाहा, तुला देवानं दिलं नाही ते मी दिलं. असं करता करता मला सवय लागली. कोणी म्हणो न म्हणो, माझ्या चौकटीवर आलेला चेहरा मी साफ करूनच सोडायचो.

एका हिवाळ्यात, संत्र्याचे ट्रक नागपूरकडं जात होते त्या दिवसांत, एक बाई आपल्या आई-बापाला घेऊन दुकानात आली. बाई सौसरलाच मुलींच्या शाळेत चपराशी होती, मॅट्रिक पास. आई-बाप रामाकोन्याला राहायचे. दोघांनी जन्मभर दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत आणि कपाशीत मजुरी केलेली. म्हातारा उंच, एक डोळा पांढरा पडलेला. म्हातारी बुटकी, चांगली काळी, आणि कपाळावर गोंदण. दोन भुवयांच्या मधे चंद्रकोर, तिच्याखाली एक टिंब, हनुवटीवर तीन टिंबं. जुनं हिरवट पडलेलं, पण रेघ स्वच्छ होती. जिनं कोणी गोंदलं तिचा हात पक्का होता, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. एका कारागिराला दुसऱ्याचा हात कळतो. कळूनही मी पुढं जे केलं ते केलं.

"दोघाइचा काढू का?" मी विचारलं.

"माहा कायले?" म्हातारा म्हणाला. "हिचाच काढा. पोरगी म्हणते घरात मायचा एकही फोटो नाही."

"तुमचाही नाही बाबा," लेक म्हणाली.

"माहा मंग पाहू. मले पाहून कोण खुश होते?"

म्हातारी खुर्चीवर बसली आणि कॅमेऱ्याकडं पाहत राहिली. "एवढा मोठा डबा," ती म्हणाली. "याच्यात घालता का मले?"

"घालत असान त वरून झाकण लावून द्या जी," म्हातारा म्हणाला. "लग्न झालं तवापासून बोलूनच राहिली."

मी कापडाखाली गेलो. कापडाखाली माणसाला अर्धंच ऐकू येतं. म्हातारी बोलत होती. लहान असताना गोंदणारीण घरी आली, दोघीजणींनी पाय धरले, ही रडून रडून निजली, आणि तिच्या मायनं तिला सांगितलं होतं की सोनं-चांदी सगळं इथंच राहते, मेल्यावर संग येते ते हेच. असं काहीतरी. मी काचेतली तिची हनुवटी पाहत होतो.

"आजी, तोंड बंद करा," मी म्हणालो. "हललं का फोटो गेला."

तिनं तोंड बंद केलं. मी टोपण काढलं, मनात चार आकडे मोजले आणि टोपण लावलं. एकच फिल्म. ती कशी निघाली असेल ते मला धुण्याआधीच माहीत होतं.

निगेटिव्ह फार सुंदर निघाली. दोन दुपारी मी तिच्यावर बसलो. सुरकुत्या भरल्या, गळ्याच्या घड्या भरल्या, डोळ्याखालचे खड्डे भरले. मग कपाळावर आलो. चंद्रकोर भरली, खालचं टिंब भरलं, हनुवटीची तिन्ही भरली. कोणी म्हणालं नव्हतं. मीही मनाला विचारलं नाही. छापलं तेव्हा समोर एक चाळिशीची, गुळगुळीत कपाळाची बाई आली. मला ती इतकी आवडली की न्यायला कोणी येईपर्यंत मी ती प्रिंट दुकानाच्या काचेत लावून ठेवली.

न्यायला लेक आली ती पंधरा दिवसांनी. आई तापानं गेली होती. चार दिवसांत गेली म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, लोक फुलं वाहायला येणार, म्हणून फोटो पाहिजे होता. मी काचेतून काढून कागदात गुंडाळून दिला. तिचे डोळे सुजलेले होते. तिनं उघडून पाहिला नाही. मी मात्र वाट पाहत होतो की ती पाहील आणि काहीतरी म्हणेल.

तीन दिवसांनी ती बापाला घेऊन परत आली. तेव्हा दुकानात बाकावर दोन शेतकरी बसले होते, फोटोसाठी नंबर लावून. आत पडद्यामागं माझी बायको प्रिंटा धूत होती.

म्हाताऱ्यानं फोटो काउंटरवर ठेवला. "फोटोवाले भाऊ, हे कोण आहे जी?"

"तुमचीच घरवाली."

"माही बुढी काळी होती," म्हातारा म्हणाला. "हे त कोण्या तहसीलदाराची बाई दिसून राहिली. माह्या घरी आली त भाकर कोण थापन?"

बाकावरचे दोघं हसले. त्यांचं हसणं मला लागलं.

"वय कमी केलं," मी म्हणालो. "त्यासाठीच लोक माझ्याकडं येतात."

"वय कमी केलं ते केलं. गोंदण कुठं गेलं?" त्यानं फोटो उचलला, दाराच्या उजेडाकडं वळला आणि चांगल्या डोळ्याच्या अगदी जवळ, नाकाला लागेल इतका आणला. "मले पहिले वाटलं माहा हाही डोळा गेला. मंग पोरीले विचारलं. ते म्हणे, नाही बाबा, नाहीच आहे त्याच्यात."

लेक पुढं आली. आवाज हळू होता. "काकाजी, तुमी पेन्सिलीनं भरता न? आमच्या शाळेच्या बाईनं सांगतलं. पेन्सिल असन त पुसता येत असन. पुसून एक दुसरा छापून द्या. जसं होतं तसं. सुरकुत्या राहू द्या, सगळं राहू द्या."

तिचं बरोबर होतं. अगदी बरोबर. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. पण बाकावर दोघं बसून ऐकत होते. आणि खोटं कशाला सांगू, ती चपराशी होती, मजुराची पोर होती, त्या मोहल्ल्यातली होती, आणि मला माझ्या दुकानात माझं काम शिकवत होती. हे सगळं तेव्हा माझ्या डोक्यात होतं. आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

"एकदा भरलं का भरलं," मी म्हणालो. "आता काही होत नाही."

"काहीच नाही होत?"

"शाळेची पाटी समजली का तू? थुंकी लावली आन पुसली?"

बाकावरचे परत हसले. या वेळी माझ्या बाजूनं हसले.

म्हातारा मात्र चिडला नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फोटो परत कागदात गुंडाळला, कडा नीट दुमडल्या. "नाही होत त नाही होत," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणते या डोळ्यातही काचबिंदू आहे. ऑपरेशनाची वेळ गेली. सहा महिने, वरीसभर दिसन म्हणते. तवरक तिचं तोंड पाहून घेतलं असतं, बस. दुसरं काही काम नव्हतं."

दोघं गेले. मी बाकावरच्या पहिल्याला खुर्चीवर बसवला आणि कापडाखाली शिरलो. कापडाखाली बरं वाटलं.

दुपारी जेवताना बायकोनं भाकर वाढली आणि विचारलं, "नाही पुसता येत?"

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले एवढंच समजते का त्या पटवाऱ्याच्या पोरीची भुवई तुमची वाकडी झाली होती, ते तुमी तारपिनानं पुसली होती. बोळा मीच देल्ला होता."

"जेवू दे."

"जेवा न. मी काय ताट वढून राहिली?"

माझी बायको एकदा बोलायची. दुसऱ्यांदा बोलायची वेळ आली तर भांडी जोरात घासायची. त्या दिवसापासून भांडी बरेच महिने जोरात घासली गेली.

लेक रोज माझ्या दुकानासमोरून शाळेत जायची. पहिल्यासारखंच 'नमस्ते काकाजी' म्हणायची. मी काउंटरवर काहीतरी शोधत असल्यासारखं करायचो. मनात मी मलाच समजावत होतो. पुसून दिलं तर गावभर होईल की फोटोवाल्यानं बुढीचं गोंदण खाल्लं आणि मग ओकलं. उद्या दुसरा येईल, म्हणेल माझ्या बापाचा मस पुसला, परत लावा. आणि जे काम मी जन्मभर चांगलं म्हणून केलं ते चांगलं नव्हतं, असं मी एका म्हाताऱ्यासमोर कबूल करायचं का? मी म्हणायचो, नाही. असं म्हणत उन्हाळा गेला.

पावसाळ्यात फिल्मांना बुरशी लागते. पोळ्याच्या आधी चार दिवस ऊन पडलं तेव्हा मी सगळ्या निगेटिव्हा पाकिटांतून काढून पाहायला बसलो. म्हातारीची हाताशी आली. उजेडाकडं धरली तर काही दिसलं नाही. सहज तिरपी केली. तिरप्या उजेडात शिसं चमकतं, पाटीवर चमकतं तसं. आणि त्या चमकत्या शिशात मला चंद्रकोर दिसली. स्वच्छ, पूर्ण. खाली टिंब. हनुवटीवर तीन. मी रेघेच्या बाहेर कुठं गेलोच नव्हतो ना, माझा हात पक्का. ते गोंदण मिटवताना मी ते पुन्हा एकदा गोंदलं होतं.

मी तारपिनाची बाटली आणली. बोळा बुडवला. म्हटलं तर दहा मिनिटं, पण तेवढीही लागली नाहीत. सुकू दिली आणि लगेच डार्करूममधे जाऊन छापली. तबकडीतल्या औषधात चेहरा वर येत गेला तसा मी वाकून पाहत राहिलो. पहिले केस आले, मग पदराची कड, मग कपाळ. सुरकुत्यांसकट, गोंदणासकट. तोंड घट्ट मिटलेलं, कारण मी मिटायला सांगितलं होतं, आणि डोळ्यांत अर्धं राहिलेलं बोलणं. आयुष्यात मी इतका चांगला फोटो काढला नव्हता. आणि तो काढल्यावर त्याच्यावर दोन दुपारी बसून मी तो झाकून टाकला होता.

बायकोनं प्रिंट पाण्यातून काढली आणि धरून पाहिली. "हे आली खरी," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "कधी देऊन राहिले?"

"देतो न."

दिली नाही. इथंच माझी खरी चूक आहे. दुकानात खोटं बोललो ते तापलेल्या डोक्यानं बोललो, ते एक वेळ समजून घेता येईल. पण त्यानंतर फोटो तयार करून घरात ठेवला, तो थंड डोक्यानं. लेक रोज समोरून जात होती. हाक मारली असती तर चार पावलं होती. पण हाक मारून सांगायचं काय? 'होत नाही' म्हटलं होतं, ते झालं कसं? पोळा झाला, गणपती उठले, दसरा आला. एकदा बायको म्हणाली, "तुमाले जड जाते त मी नेऊन देते." मी म्हणालो, हात लावू नको. तिनं हात लावला नाही.

दिवाळीनंतर एका रविवारी मी छोट्या लाईनच्या गाडीत बसलो आणि रामाकोन्याला गेलो. सौसरलाच दिला असता, पण तिथं लोक होते. आधी वाटलं होतं खरं सांगून टाकू. गाडी हलली तशी ती हिंमत गेली आणि त्या जागी दुसरी गोष्ट तयार झाली. नागपूरहून नवीन औषध आलं आहे. त्यानं जुनी पेन्सिलसुद्धा निघते. ही गोष्ट मी मनात तीन-चार वेळा बोलून पाहिली. चांगली वाटली. खोटंही मला साफ-सुथरं लागायचं.

म्हातारा अंगणात बाजेवर बसून अंबाडीची दोरी वळत होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यानं मान वर केली पण माझ्या खांद्याच्या बाजूनं पाहिलं.

"कोण आहे जी?"

मी सांगितलं, सौसरचा फोटोवाला.

"या, या. बसा." त्यानं बाजेवरची दोरी चाचपडून बाजूला केली. "पोरी, सौसरचे फोटोवाले आले व. चाय मांड."

लेक आतून आली. रविवार होता म्हणून ती घरी होती. मला पाहून ती उंबऱ्यातच थांबली, मग खुर्ची आणली.

"बाबाच्या डोळ्याचं कसं काय?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"गेला जी," म्हाताराच म्हणाला. "आम्ही दसऱ्याले नागपूरले जातो न, दीक्षाभूमीवर. दरसाली जातो. या साली गेलो त लोकाइचा आवाज येऊन राहिला आणि लोकं नाही दिसून राहिले. मी पोरीले म्हटलं, अंधार पडला का व? ते म्हणे बाबा, दुपार आहे."

तो हसला. लेक हसली नाही. आतल्या भिंतीवर मी छापलेली ती गुळगुळीत बाई हार घालून टांगलेली मला उंबऱ्यातून दिसत होती.

मी पिशवीतून पाकीट काढलं आणि लेकीला दिलं. "नागपूरहून नवीन औषध आलं," मी म्हणालो. "त्यानं पेन्सिल निघते. पहिले नव्हतं ते. म्हटलं तुमचं काम करून द्यावं."

तिनं फोटो बाहेर काढला. पुष्कळ वेळ पाहिला. खालचा ओठ दातांत धरला होता. मग बापाजवळ बाजेवर बसली. "बाबा, गोंदण आलं."

"कुठं?"

"फोटोत. काकाजीनं आणलं. चंद्रकोर आली, टिंब आलं, सगळं आलं."

म्हाताऱ्यानं दोरी खाली ठेवली. हात धोतराला पुसले. तिनं फोटो त्याच्या मांडीवर ठेवला, त्याचं बोट धरलं आणि कपाळावर नेऊन टेकवलं. माझी प्रिंट चकचकीत कागदाची. तिच्यावर बोटाला काय लागणार? तरी तो बोट फिरवत राहिला. कोर जशी होती तशी फिरवली, डावीकडून उजवीकडं, जरा खाली घेऊन. त्याला शिकवावं लागलं नाही.

"अन् इथं खाली एक," तो म्हणाला.

"हो, तिथंच आहे."

"चांगलं औषध आलं जी मंग," म्हातारा माझ्याकडं तोंड करून म्हणाला. "थोडं पहिले आलं असतं त अजून चांगलं झालं असतं. पण तुमी काय करान? नागपूरवाल्याइनं उशीर केला. तुमी एवढ्या दुरून घेऊन आले, लय झालं. भलं होवो तुमचं."

मी म्हणालो, "हो जी. त्याइनंच उशीर केला."

हे मी म्हणालो. या तोंडानं.

त्याच वेळी लेकीनं फोटो उचलून उलटा केला होता. माझ्या उस्तादाची शिस्त होती, प्रिंट सुकली की मागं दुकानाचा शिक्का मारायचा आणि त्याखाली तारीख घालायची. पंचवीस वर्षं माझा हात ते आपोआप करत आला होता. तबकडीतून निघालेल्या त्या फोटोवरही त्यानं केलं होतं. ऑगस्ट महिना, पोळ्याच्या आधीची तारीख. मी फार शाळा शिकलो नाही, पण आकडे सुबक काढतो. तिनं ते वाचले. दोनदा वाचले असतील, कारण तिची नजर खाली जाऊन परत वर आली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. फोटो सरळ केला आणि परत बापाच्या मांडीवर ठेवला.

चहा झाला. म्हाताऱ्यानं तिला सांगितलं, साहेबाले संत्रे बांधून दे. मी नको म्हटलं, तरी तिनं दहा-बारा संत्री कपड्यात बांधून दिली. मी म्हाताऱ्याला येतो म्हणालो. त्यानं दोन्ही हात जोडले, फोटो मांडीवरून घसरू नये म्हणून गुडघे वर करून.

लेक मला सडकेपर्यंत सोडायला आली. अर्धी वाट झाली. मग म्हणाली, "काकाजी, पोळ्याच्या वक्ताले बाबाले दिसत होतं."

मी चालत राहिलो.

"पेपर नाही वाचता येत होता, पण माणसाचं तोंड दिसत होतं. माहं दिसत होतं. मायचंही दिसलं असतं." तिचा आवाज चढला नव्हता. शाळेची घंटा किती वाजता होते ते सांगावं तसा होता. "मी बाबाले सांगनार नाही. त्याइले औषधाचंच वाटू द्या. तुमीही कधी नका सांगू."

म्हणजे माझं खोटं आता तिलाही सांभाळायचं होतं. बापासमोर, जन्मभर. मी तिला फोटो द्यायला गेलो होतो आणि हे देऊन आलो.

माफी मागायची म्हणून मी थांबलो. खरंच थांबलो होतो. तिच्याकडं वळलो, तोंड उघडलं. आणि तोंडातून निघालं, "त्या भिंतीले ओल आहे. तिथं टांगू नको, फोटो खराब होईन."

"बरं," ती म्हणाली, आणि परत फिरली.